हबीब सर आणि सेकंड बेसवरचा नमस्कार

गौरव समितीच्या मंडळींनी मला फोन करून सांगितलं, “बाई, सरांच्या साठीनिमित्त अंक काढून राह्यलो, चार पानं लिहा. पण जरा गोड लिहा.” हबीब शेख सरांबद्दल गोड लिहायला माझी काहीच हरकत नाही. अडचण अशी आहे की सरांविषयी खरं लिहायला बसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मग गोडाचं काही खरं नसतं. वाचकांनी हे आधीच समजून घ्यावं. मी सरांच्या बेसबॉल संघाची कॅचर होते, आणि गप्प बसणं मला तेव्हाही जमलं नाही.

सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या गुन्ह्यामुळे झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बल्लारपूरच्या शाळेत मी सातवीत होते. एका मुलाने माझी वेणी खिडकीच्या गजाला बांधली, म्हणून मी त्याला लाकडी डस्टर फेकून मारलं. मुख्याध्यापकांनी शिक्षेसाठी मला खेळाच्या सरांकडे पाठवलं. सर जाळीच्या खोलीत चेंडूंना टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कुठून मारलं?”

“शेवटच्या बाकावरून.”

“तो कुठी होता?”

“फळ्यापाशी.”

“लागलं कुठी?”

“पाठीत.”

“मारायचं कुठी होतं?”

“पाठीतच.”

तेव्हा सरांनी मान वर केली. “उद्या सकाळी मैदानावर ये,” म्हणाले, “डस्टर आणू नको.” एवढीच माझी शिक्षा. आठवडाभरात त्यांनी मला कॅचर केलं. मी रुसले, कारण मला चेंडू फेकायचा होता, मागे उकिडवं बसून झेलायचा नव्हता. सर म्हणाले, “तू बोलतेस फार. कॅचरले सारं मैदान समोर दिसते, तिनंच साऱ्याइले सांगाचं असते. तुह्यासारखं तोंड मले दुसरं कुठी भेटन?”

बेसबॉल म्हणजे काय, हे तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. लोक मैदानाच्या कडेला सायकली टेकवून बघायचे आणि म्हणायचे, “क्रिकेटच हाय, फक्त याइचे स्टंप चोरीले गेले.” सर हा खेळ शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात शिकून आले होते आणि आल्या दिवसापासून तो मुलींना शिकवायचा हट्ट धरून बसले होते. साहित्य कसलंच नव्हतं. सरांच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. त्या म्हाताऱ्या अब्बांनी जाड ताडपत्रीत कापूस ठासून आमचे बेस शिवले, म्हणजे धावणाऱ्या मुलीने पाय ठेवायच्या त्या चौकोनी उशा. ग्लोव्हजही त्यांनीच शिवले. पहिल्या पहिल्या ग्लोव्हजना रजईसारखे टाके होते आणि आतून रजईच्याच फुलांचं कापड होतं. आम्ही ते घालून जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो तेव्हा समोरच्या मुली खदखदून हसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं हसू बंद झालं, कारण आम्ही जिंकलो.

मुसलमान मास्तर पोरींना घेऊन गावोगाव फिरतो, यावर गावाने किती वेळा उचलली जीभ टाळ्याला लावली ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी लावली त्यांतले दोघे-तिघे या अंकाच्या समितीत आहेत आणि आज सरांना ‘गुरुवर्य’ म्हणतात. सर कुणाला उत्तर द्यायला गेले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या बायकोला, शमीमभाभींना, सोबत घेतलं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक दौऱ्याला भाभी आल्या, घरचं सगळं आवरून, टोपलीभर पोळ्या घेऊन. माझे वडील कागद कारखान्यात पाळीवर जायचे, कमी बोलायचे. त्यांनी सरांना एवढंच सांगितलं, “हबीबभाऊ, भाभी संग हाय ना? मंग मले काई विचारत नका जाऊ.” रोज्यांचा महिना भर उन्हाळ्यात नसला तरी आमच्याकडचं ऊन कधीच कमी नसतं. सर दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब न घालता मैदानावर उभे राहायचे आणि दर थोड्या वेळाने आमच्यावर ओरडायचे, “पाणी प्या रे पोट्ट्याहो, पडसान कुठी!”

आता जैनीकडे येते. तिच्याशिवाय सरांचा गौरव करणं मला जमणार नाही.

जैनी एटापल्लीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावची, माडिया आदिवासी घरातली. तिथल्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धेला सर पंच म्हणून गेले होते. चेंडूफेकीत जैनीचा चेंडू आखलेल्या मैदानाच्या बाहेर गेला, चुलाण्यावर शिजत असलेल्या वरणाच्या पातेल्यात पडला आणि स्वयंपाकीण बाईंच्या लुगड्यावर वरण उडालं. बाई झारा घेऊन धावल्या. सर आधी बाईंची माफी मागायला गेले, मग चेंडू धुऊन घेतला, आणि मग जैनीच्या आईबापाचा पत्ता विचारला. तिच्या वडिलांशी बोलून ते तिला बल्लारपुरात स्वतःच्या घरी घेऊन आले. ती भाभींच्या मुलींबरोबर जेवायची, झोपायची, शाळेत यायची. मराठी तिला तुटकं यायचं. पण तिचा चेंडू! मी तिची कॅचर होते, माझा डावा तळवा आजही त्याची साक्ष देईल.

जैनीची एक सवय होती. आपला पाय कुणाला लागला तर त्या माणसाला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा, हे आपल्या सगळ्यांनाच घरात शिकवलेलं असतं. आपण ते बाजारात, बसमध्ये करतो. जैनी ते खेळतानाही करायची. बेसबॉलमध्ये धावणारी मुलगी घसरत बेसवर येते, आणि तिथे उभ्या असलेल्या मुलीला पाय लागल्याशिवाय राहत नाही. जैनी जोरात घसरत सेकंड बेसवर यायची, वेळेत पोचायची, पाय लागला की लगेच उठून, बेस सोडून, त्या मुलीला हात लावून नमस्कार करायची. बेस सोडला की चेंडू लावून बाद करता येतं. ती मुलगी जैनीचा नमस्कार घ्यायची आणि चेंडू लावून तिला बाद करायची. तालुक्याचा एक सामना आम्ही असाच हरलो. आम्ही सगळ्या जैनीवर खेकसलो. “बाद झाल्यावर पड ना तिच्या पाया!” असंही कुणीतरी म्हणालं.

सर खेकसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः सेकंड बेसवर ठाण मांडलं आणि सांगितलं, “एकेकीनं घसरत या. मले पाय लागलाच पाहिजे. नमस्कार करा, पण एक पाय बेसवर रुतवून. पाय सुटला तं पुन्हा.” आठवडाभर आम्ही सरांच्या नडग्यांवर घसरत होतो. त्यांचे पाय काळेनिळे झाले. भाभी हळद गरम करून लावायच्या आणि आमच्याकडे बघून म्हणायच्या, “हे खेळ शिकवून राह्यले का मार खाऊन राह्यले?” मी सरांना विचारलं, नमस्कार करूच नको असं तिला का नाही सांगत, सोपं पडेल. सर म्हणाले, “तिच्या मायनं शिकवलं ते मी काऊन मोडू? माह्यं काम बेस शिकवाचं हाय.” जैनीला ते जमलं. पंजा बेसच्या कडेत अडकवून ती सगळं अंग पुढे ताणायची, हात लावायची, कपाळाला न्यायची, आणि चेंडू पाठीत बसला तरी हलायची नाही.

त्या काळची पद्धत इथे सांगायला हवी. आमच्यासारख्या मैदानांवर मुली तयार व्हायच्या. त्यांतल्या बऱ्या मुली जिल्ह्याच्या संघात जायच्या, त्यांतल्या आणखी बऱ्या मोठ्या शहरातल्या क्रीडा केंद्रात, आणि राज्याचा संघ जवळपास सगळा त्या केंद्रातून निवडला जायचा. दिवाळी झाली की केंद्राची माणसं जीप घेऊन यायची, आमच्या मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसायची, भाभींचा चहा प्यायची आणि जाताना बोट दाखवायची, ही, ही आणि ती. केंद्रप्रमुख साहेब सरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, “हबीबभाऊ, तुमच्याकडचा कच्चा माल एक नंबर असतो.” पेपरात फोटो यायचा तेव्हा मुलीच्या नावापुढे केंद्राचं नाव असायचं. बल्लारपूर कुठेच नसायचं. सर तो फोटो कापून काचेच्या कपाटाला चिकटवायचे आणि खूश व्हायचे. मला हे कधीच पटलं नाही. आमचा कोळसा जातो, सागवान जातं, तिकडे दिवे लागतात आणि आमच्याकडे भारनियमन. त्यात आता पोरीही घ्या! मी सरांसमोर असं बोलले की ते म्हणायचे, “अगं, पोट्टी पुढं गेली पाह्यजे. माह्यापाशी राहून तिचं काय होणार?”

त्या दिवाळीनंतर साहेबांनी जैनीकडे बोट दाखवलं. जैनी राज्याच्या संघात खेळणार, याबद्दल आम्हा कुणालाही शंका नव्हती. सरांनी तिला नवे बूट घेऊन दिले, भाभींनी स्वेटर विणला. दोन-अडीच महिन्यांत ती परत आली. एकटी, एसटीने, पत्र्याची पेटी घेऊन. केंद्राने सांगितलं होतं की मुलीला शिस्त नाही. शिस्त नाही म्हणजे काय, तर ती सरावात पाय लागला की नमस्कार करते, बाकीच्या मुली हसतात, सांगून ऐकत नाही. सर बसस्टँडवर तिला घ्यायला गेले, मीही गेले. जैनी रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, “सर, पाय लागल्यावर तसंच कसं उभं राहाचं? ते बी माणूसच हाय ना?”

“हो बेटा,” सर म्हणाले, “माणूसच हाय.” आणि त्यांनी तिची पेटी उचलली.

राज्याची निवड चाचणी उरली होती. त्यात जिल्ह्याचे संघही खेळायचे. सरांनी जैनीला जिल्ह्याच्या संघात उभं केलं, आणि आमचा सामना नेमका केंद्राच्या संघाशी आला. सगळी निवड समिती मंडपात बसलेली. जैनीने त्या दिवशी असा चेंडू फेकला की केंद्राच्या मुली बॅट फिरवून फिरवून दमल्या. शेवटी सामना बरोबरीत असताना जैनी धावली आणि सेकंड बेसवर घसरली. तिचा पाय त्या मुलीच्या घोट्याला लागला, मुलगी कोलमडली. जैनीने पंजा बेसला अडकवला, पूर्ण अंग ताणलं, तिच्या गुडघ्याला हात लावला आणि कपाळाला नेला. ती मुलगी चेंडू जैनीच्या खांद्यावर आपटत होती, मंडपातून आवाज येत होता, “आऊट! आऊट!” अंपायर म्हणजे बाहेरून आलेले एक रेल्वेतले वयस्क गृहस्थ होते. ते वाकले, त्यांनी जैनीचा पाय पाहिला आणि दोन्ही हात पसरले. सेफ! पुढचा फटका मी मारला, जैनी शेवटच्या बेसवर, म्हणजे ‘होम’ला, पोचली, आम्ही जिंकलो. भाभींनी मैदानात येऊन तिचं तोंड कुरवाळलं.

संध्याकाळी लाउडस्पीकरवरून राज्याच्या संघाची नावं वाचली. माझं नाव आलं. आमच्याच संघातल्या रेखाचं आलं. जैनीचं आलं नाही. तिच्या जागी जी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, घेतली, ती त्या दिवशी मैदानात उतरलीसुद्धा नव्हती. ती कुणाची कोण, ते मी लिहिणार नाही. गौरव समितीला अंक छापायचा आहे.

सर मंडपात गेले. आम्ही मागोमाग. सर म्हणाले, “साहेब, जैनीचं नाव राह्यलं.”

केंद्राचे साहेबच निवड समितीवर होते, चहा पीत बसले होते. “राहिलं नाही हबीबभाऊ, घेतलं नाही. पोरगी गुणी आहे हो. पण राज्याच्या संघात हे वाकणं-बिकणं बरं दिसत नाही. मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे काय तोटा? पुढच्या वर्षी दुसरा माल पाठवा.”

मी सरांना आधी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. त्या एका वेळी ऐकलं. “साहेब, पोट्टी हाय ते. माल नाई. आजपासून माह्या मैदानावर तुमची खुर्ची टाकाची नाई.” चहावाला पोऱ्या किटली हातात घेऊन तसाच थांबला. सर वळले आणि बाहेर आले, त्यांचे हात थरथरत होते.

मी आणि रेखाने ठरवलं, आपणही जायचं नाही. जैनी नाही तर आम्ही नाही. सरांना सांगितलं तर ते आमच्यावरच उखडले. “तिचं नुकसान झालं म्हणून तुमचं काऊन करता? जा. खेळा. अन् तिथी तोंड बंद नका ठेवू.” इतका राग आला मला! ज्या लोकांनी सरांच्या लेकीसारख्या मुलीला असं वागवलं, त्यांच्याच संघात आम्हाला पाठवायचं? आजही तो राग गेलेला नाही. जैनी आम्हाला पोचवायला स्टेशनवर आली होती. “ताई, चांगलं खेळ,” एवढंच म्हणाली. मी वरोऱ्यापर्यंत रडत होते.

पुढच्या वर्षी जैनीचं वय त्या गटातून निघून गेलं, म्हणजे राज्याचा दरवाजा बंद झाला. सरांनी शब्द पाळला, मैदानाच्या कडेला खुर्च्या पडल्या नाहीत. त्याची किंमतही मोजली. केंद्राने आमच्या मैदानाकडे पाठ फिरवली. पालक सरांच्या घरी येऊन भांडले की तुमच्या तत्त्वापायी आमच्या पोरींचं नुकसान झालं. सर त्यांना बसवून चहा द्यायचे आणि ज्या मुलीला केंद्रात जायचं आहे तिला स्वतः रेल्वेत बसवून द्यायचे. फक्त बोट दाखवून निवडू देणार नाही, असं म्हणायचे.

जैनी गावी गेली. आपल्याकडे अशा मुलीची गोष्ट तिथेच संपते, कुणी मागे वळून पाहत नाही. सर गेले. सुट्टी लागली की आष्टी, आलापल्ली करत एसटीने एटापल्ली, पुढे मिळेल त्या वाहनाने, शेवटी नाला ओलांडून पायी. पहिल्यांदा गेले तेव्हा भाभी आणि मीही बरोबर होतो. जैनीच्या वडिलांनी बाज टाकली, पाणी दिलं आणि विचारलं, “मास्तर, पोरीले खेळून काय भेटलं?” मी तोंड उघडणार होते, सरांनी हाताने थांबवलं. “काईच नाई भेटलं भाऊ,” ते म्हणाले, “म्हणून तं आलो.”

जैनीच्या वडिलांनी आत भात टाकायला सांगितलं. मग म्हणाले, जेवून जा. त्या जेवणानंतर सरांनी जैनीच्या शिक्षणाचा असा पिच्छा पुरवला की तिची बारावी झाली, पदवी झाली, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम झाला. सुरुवातीला ती आश्रमशाळेतल्या मुलींना संध्याकाळी फुकट शिकवायची, आज तिथेच मानधनावर क्रीडाशिक्षिका आहे. तिच्या संघाने गेल्या दोन वर्षांत भल्याभल्यांना पाणी पाजलं आहे. निवृत्त झाल्यावरही सर महिन्यातून एकदा तिच्या मैदानावर जातात. गुडघे दुखतात, एसटीच्या पायऱ्या चढताना “या अल्ला” म्हणतात, पण जातात.

आता या समारंभाबद्दल. समितीने ठरवलं होतं की सत्कार चंद्रपूरच्या सभागृहात करायचा आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्याच साहेबांना बोलवायचं. साहेब आता फार मोठ्या पदावर आहेत. सर कशालाच नाही म्हणत नाहीत, यालाही म्हणाले नाहीत. त्यांनी एकच मागणी केली, शाल जैनीच्या हातून घेईन. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी साहेबांना फोनवर हे कळवलं, तर साहेबांनी विचारलं, “कोण जैनी?”

हे त्या गृहस्थांनी मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. ज्या मुलीचं आयुष्य या माणसाने चहाच्या एका घोटाबरोबर फिरवलं, तिचं नावही त्याच्या लक्षात राहू नये? राग धरायलासुद्धा समोरच्याला काही आठवावं लागतं हो!

मी जैनीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, मी नाई येत. त्या दिवशी माह्या पोरीइची म्याच हाय. जितल्या तं यातल्या दोघी राज्याच्या चाचणीले जातेत. सरले सांग, रागावू नका म्हणा.” मी भीत भीत सरांना सांगितलं. सर इतके खूश झाले की भाभींना हाक मारून पुन्हा माझ्याकडून ऐकवलं. मग म्हणाले, “बरोबर बोलली ते. मंग आपणच तिथी जाऊ. शाल काय, म्याच झाल्यावर बी घेता येते.”

तेव्हा समस्त स्नेहीजनांना कळावं की सत्कार सभागृहात नाही. तो एटापल्लीच्या पलीकडे, आश्रमशाळेच्या मैदानावर, सामना संपल्यावर आहे. रस्ता खराब आहे. साहेबांनी कळवलं आहे की कंबरेच्या दुखण्यामुळे त्यांना येता येणार नाही. त्यांच्या कंबरेला आराम पडो, आणखी काय म्हणणार?

आणि सर, तुम्हाला. तुम्ही चांगले खणखणीत राहा. गुडघ्यांना तेल लावत जा, भाभींचं ऐकत जा, गोळ्या वेळेवर घेत जा. जैनीच्या पोरींपैकी एक राज्याच्या संघात उभी राहिलेली तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी बघायची आहे, तेवढं आयुष्य तर तुम्ही काढणारच, आणि त्यापुढेही पुष्कळ. चाचणीला या वेळी मी स्वतः जाणार आहे, मंडपाच्या अगदी पुढे बसणार आहे. पुन्हा एखादं नाव राहिलं, तर तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही, आवाज चढवायचा नाही. तुमचे हात थरथरतात. ओरडायला मी आहे.